चूल बदलली, पण विचारलं कुणाला?

मी तुमच्या गटांची सहयोगिनी बोलतेय. गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणींनी मला एकच प्रश्न विचारला, 'ताई, नवी शेगडी घ्यायचीय, कोणती घेऊ?' कुणाची जुनी शेगडी गंजली, कुणी दिरापासून वेगळी झाली, कुणाला तीन बर्नरची हवीय. शेगडी कोणती घ्यायची ते मी शेवटी सांगणारच आहे. पण त्याआधी ही शेगडी आपल्या घरात पोहोचली कशी, ते आज सांगायचंय.

मी बी. ए. केलं ते इतिहास घेऊन. तीन वर्षांत पानिपत झालं, सालबाईचा तह झाला, दोन महायुद्धं झाली. चूल एकदाही आली नाही. एवढाल्या फौजा जेवल्या कशावर, ते कुणी शिकवलं नाही आणि परीक्षेत तो प्रश्नही आला नाही.

आपल्या बोलण्यात मात्र चूल जागोजागी आहे. भाऊ-भाऊ वेगळे झाले की 'वेगळी चूल मांडली' म्हणतात. भिंत नंतर उठते, आधी चूल वेगळी होते. अख्ख्या घराला जेवायला बोलावलं तर ते 'चूलबंद आवतण', म्हणजे त्या दिवशी त्या घरात जाळ करायचाच नाही. घरात खायला नसलं तर 'चूल पेटली नाही'. आणि बाईचं जग मोजायचं झालं तर 'चूल आणि मूल'. घर म्हणजे चूल, हे भाषेनं केव्हाच मान्य केलंय.

ही मातीची चूल घडवत कोण होतं? आपणच. सुताराला लाकूडकामाचं बलुतं होतं, कुंभाराला मडक्यांचं होतं, पण चूल घालायला बहुतेक घरांत बाईच बसायची. चिकणमाती आणायची, भुसकट आणि लीद किंवा शेण घालून मळायची, दोन-तीन दिवस मुरू द्यायची. मग आपल्या तव्याच्या मापानं तोंड काढायचं, आपल्या पातेल्याच्या मापानं बाजूचा वैल काढायचा. पुढं जाळ, मागं वैलावर कालवण रटरटतंय, तोंडापाशी निखारे ओढून त्यावर भाकरी फुगवायची. एका जाळात तीन कामं. रोज सकाळी पोतेरं द्यायचं, तडा गेला तर लिंपायचा. वारा कुठून येतो, आपण कुठल्या अंगाला बसतो, उजवा हात मोकळा राहतो का, हे सगळं त्या मापात धरलेलं असायचं. घरात एवढी एकच वस्तू अशी होती, जी बाईनं स्वतःच्या हिशेबानं केलेली असायची.

म्हणून चूल फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. हल्ली शहरातल्या हॉटेलांवर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या लागतात. पाटी लावणाऱ्यानं एक पावसाळाभर ओल्या पऱ्हाट्यांवर स्वयंपाक करावा, मग बोलावं. आपल्या जालन्याच्या बाजूला सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, बाभळीच्या काटक्या आणि गवऱ्या. वेचायच्या, मोळी बांधायची, डोक्यावर आणायची, पावसाच्या आत रचून झाकायची. या कामाला कधी मजुरी नव्हती आणि त्याचा हिशेबही कुणी ठेवला नाही.

धुराचा हिशेब तर फारच उशिरा झाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला किर्क स्मिथ नावाचे अमेरिकी संशोधक आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातमधल्या चार गावांत गेले. त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा ओढून घेणारी छोटी यंत्रं बांधली. बाई चुलीपुढं बसली की तिच्या नाकाशी जेवढा धूर येतो तेवढाच यंत्रात जायचा. १९८३ मध्ये ते आकडे छापून आले. गजबजलेल्या शहरातल्या रस्त्यावरही चालणार नाही अशा कितीतरी पट जास्त धुरात बाई रोज काही तास बसते, हे तेव्हा जगाला कळलं. आपल्याला ते डोळ्यांच्या पाण्यावरून आणि सासूच्या खोकल्यावरून आधीच माहीत होतं, पण खोकल्याला कागदावर किंमत नसते. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या अशा धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. दमा, फुप्फुसाचे आजार, मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ, हे सगळं त्या धुराच्या खात्यावर आहे.

आता गॅसकडे वळूया. गॅस म्हटलं की आपल्याला लाल सिलिंडर आठवतो, पण मुंबईत गॅस आला तो १८६५ मध्ये आणि तो आला रस्त्यासाठी. दगडी कोळसा भट्टीत तापवून काढलेला हा गॅस नळांतून दिव्यांच्या खांबांपर्यंत नेला आणि संध्याकाळी रस्ते उजळले. लालबागेत आजही 'गॅस कंपनी लेन' आहे, ती त्याच कारखान्याची खूण. पुढं काही घरांच्या स्वयंपाकघरातही हा गॅस गेला, पण ती घरं मोजकी. चाळीतल्या बाईकडे होती कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी, आणि नंतर स्टोव्ह. रस्त्यावरचा अंधार आधी गेला, स्वयंपाकघरातला धूर राहिला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढं पुन्हा भेटेल.

थंड देशांत तर जेवणाइतकीच ऊब महत्त्वाची. तिथं अनेक घरांच्या तळघरात भट्टी असते आणि तिच्यातून सगळ्या खोल्यांना गरम हवा जाते. पूर्वी ही भट्टी लाकूड-कोळशावर चालायची. रात्री उठून कोळसा टाका, सकाळी राख काढा. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या मॉरिसटाउनच्या अॅलिस पार्कर नावाच्या बाईनं गॅसवर चालणाऱ्या भट्टीच्या आराखड्याचं पेटंट घेतलं. त्यात वेगवेगळ्या खोल्यांसाठी वेगवेगळे बर्नर होते, म्हणजे ज्या खोलीला ऊब हवी तेवढ्याच खोलीपुरतं पेटवायचं. आज त्या देशांत अनेक घरांत गॅसची भट्टी आहे आणि नवी घेताना लोक चार ठिकाणी चौकशी करून घेतात. मला त्या आराखड्यातली एक गोष्ट आवडली. सगळं घर एकदम तापवायचं कशाला, हा काटकसरीचा विचार त्यात आहे. आपणही वैलावर कालवण ठेवतो ते जाळ वाया जाऊ नये म्हणूनच ना?

आता आपल्याकडे या. चूल सुधारावी असं पहिल्यांदा मनावर घेतलं ते वर्ध्यात. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं मगनवाडीत. गांधीजी होते, जे. सी. कुमारप्पा होते. घाणीचं तेल, हातकुटीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या, अशा गोष्टींवर तिथं काम चालायचं. धुराडं असलेली, एका जाळावर जास्त भांडी बसणारी 'मगन चूल' तिथलीच. गावातल्या मातीत करता येईल अशी ती होती. गावची गोष्ट गावातच सुधारायची, हा विचार मला आजही पटतो.

दुसरी वाट गोबरगॅसची. तिची सुरुवातही आपल्याच राज्यातली, आणि जागा कुणाच्या मनातही येणार नाही अशी. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस तयार करून त्यावर दिवे लावले होते. समाजानं ज्यांना बाहेर टाकलं त्यांच्या दारात हा उजेड आधी पडला. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योग आयोगानं शेणाचे संयंत्र गावोगाव नेले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, खत आणि गॅस यांची सांगड घातली. तीच वाट देहूला डॉ. मापुसकरांनी पुढं नेली.

देहूची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. डॉ. मापुसकर १९५९ मध्ये देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. पोटाच्या आजारांवर औषध देत बसायचं की गाव उघड्यावर बसायचं थांबवायचं, असा त्यांच्यापुढं प्रश्न होता. त्यांनी संडास बांधायला घेतले आणि पुढं संडासाला गॅसचं संयंत्र जोडलं. मैल्याच्या गॅसवर रांधायचं म्हटल्यावर कुणाचंही मन कचरणारच. पण घरोघर जाऊन, समजावून, आधी करून दाखवून ते होत गेलं. अख्खी हयात त्यांनी त्याच कामात घातली. २०१७ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा ते हयात नव्हते.

गोबरगॅसला गावोगाव अनुदान मिळालं आणि महाराष्ट्रात संयंत्रं पुष्कळ बसली. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं, दावणीला पाणी आणि घरामागं जागा, त्यांच्याकडे ती चालली. ज्या बाईकडे दोन शेळ्या आणि एक खोली, तिला त्यातलं काही नाही. दुष्काळात जनावरं छावणीला गेली की संयंत्र कोरडं पडायचं. आणि रोज शेण-पाणी कालवून टाकायचं काम पुन्हा बाईकडेच. आजही आपल्या भागात काही वाड्यांमागं गंजलेल्या टाक्या दिसतात. टाकी गंजली की लोक म्हणतात बाईनं लक्ष दिलं नाही.

तोवर घरात रॉकेल आलं होतं. आधी चिमणीत, कंदिलात, मग स्टोव्हमध्ये. पंपाचा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघाला आणि जगभर गेला. पंप मारायचा, पिन घालून बर्नरचं भोक मोकळं करायचं, भुर्रर्र आवाज करत निळी ज्योत. लाकूड फोडायला नको, भांडी काळी नकोत. शहरातल्या एका खोलीच्या संसाराला स्टोव्हनं मोठा आधार दिला, हे नाकारून चालणार नाही. पुढं १९७०च्या दशकात इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्रानं 'नूतन' हा वातीचा स्टोव्ह काढला, तो रॉकेल कमी खायचा.

पण रॉकेल मिळायला तर हवं. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या महागाईत धान्य, साखर, तेल, रॉकेल सगळंच दिसेनासं झालं. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढाऱ्या. हजारो बाया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, म्हणून त्याला लाटणे मोर्चा म्हणतात. स्वयंपाकघरातलं जळण हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे त्या बायांनी मंत्रालयाला लाटणं वाजवून सांगितलं. इतिहासाच्या पुस्तकात ज्या लढाया आहेत त्यांच्या शेजारी ही एक पानभर यायला हरकत नव्हती.

स्टोव्हचा आणखी एक इतिहास आहे. तो बोलायला जड जातो, पण टाळणार नाही. १९७०-८०च्या काळातली वर्तमानपत्रं काढली तर एक ओळ पुन्हा पुन्हा दिसते : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. काही वेळा खरंच भडका उडायचा. पदर नायलॉनचा, स्टोव्ह जमिनीवर, पंप जास्त मारलेला, रॉकेलमध्ये भेसळ. पण इतके स्टोव्ह फक्त नव्या सुनांच्याच अंगावर कसे भडकत होते? सासूच्या का नाही, दिराच्या का नाही? हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर विचारला. त्यातूनच १९८३ मध्ये छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम आलं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा असा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन करायचं, अशी तरतूदही त्याच वर्षी झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचं वेगळं कलम आलं. म्हणजे आपल्या संरक्षणाच्या कायद्यामागं स्वयंपाकघरातली एक वस्तू उभी आहे. गटात नव्या मुलींना कायदा सांगताना मी हे आवर्जून सांगते.

त्याच १९८३ साली सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. आकडा ऐकून छाती दडपते. आपल्यातल्या साठीच्या बायांना ती चूल आठवत असेल : सिमेंटची, दोन भांड्यांची, मागं पाइपचं धुराडं. पुण्याच्या आरती संस्थेसारख्या ठिकाणी त्यावर अभ्यास झाला, 'लक्ष्मी' नावाची चूल तयार झाली, काही गावांत बायकांना साचे देऊन चुली घालायला शिकवलं, त्यातून कुणाला चार पैसे मिळाले. हे चांगलंच झालं.

पण कितीतरी गावांत त्या चुलीचं काय झालं? आमच्याकडच्या म्हाताऱ्या जे सांगतात ते असं. साचा एकाच मापाचा. घरात बारा माणसं असोत की तीन, भोक तेवढंच. मोठं पातेलं बसेना. तोंड अरुंद, जाड लाकूड जाईना, म्हणजे लाकूड बारीक करायचं नवं काम वाढलं. निखारे पुढं ओढायला जागा नाही, मग भाकरी भाजायची कुठं? धुराडं काजळीनं तुंबलं की धूर उलटा घरात. ते काढून साफ करायला छपरावर चढायचं कुणी? मग एखादीनं तोंड फोडून मोठं केलं, एखादीनं शेजारी आपली जुनी चूल घातली आणि सिमेंटच्या चुलीवर पाण्याची घागर ठेवली. साहेब आले की तिच्यावर चहा करून दाखवायचा.

कार्यक्रम गुंडाळताना बायकांना सवय बदलत नाही असंही बोललं गेलं. मला ते पटत नाही. बाई सवयीची गुलाम असती तर तिनं स्टोव्ह घेतला नसता आणि मिक्सरही घेतला नसता. भाकरी फुगली नाही, एवढं साधं कारण होतं. ते समजून घ्यायला भाकरी थापणारीला विचारावं लागतं. चुली किती बसल्या हे मोजलं गेलं, किती पेटल्या हे मोजायचं राहिलं.

आता लाल सिलिंडर. बर्मा शेल कंपनीनं १९५०च्या दशकाच्या मध्यात मुंबईत घरगुती गॅस आणला. इंडेनचं पहिलं कनेक्शन कोलकात्यात २२ ऑक्टोबर १९६५ रोजी दिलं गेलं. सुरुवातीला लोक घ्यायला भीत होते, घरात बॉम्ब ठेवल्यासारखं वाटायचं. भीती मोडली आणि उलटंच झालं. सगळ्यांना हवा, पण गॅस कमी. तेल कंपन्या सत्तरच्या दशकात सरकारी झाल्या, तरी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. खासदारांना गॅस कनेक्शनचा कोटा असायचा, त्यांची चिठ्ठी मिळवायला लोक खेटे घालायचे. लग्नाच्या बोलणीत 'मुलाकडे गॅस आहे' हे सांगण्यासारखं असायचं. आणि हे सगळं शहरात, फार तर तालुक्याला. मुंबईचा रस्ता उजळला आणि स्वयंपाकघर काळं राहिलं, तसंच इथं. शहराच्या ओट्यावर गॅस आला आणि आपण साठ वर्षं पऱ्हाट्या मोडत राहिलो.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या प्रौढ बाईच्या नावावर कनेक्शन, अनामत सरकार भरणार. घरातली एक वस्तू कागदोपत्री बाईच्या नावावर देणारी योजना, हे महत्त्वाचं. आठ कोटीवं कनेक्शन दिलं ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी, आपल्या शेजारी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि तेही बचत गटांच्या महिला मेळाव्यात. आपल्यातल्या काही जणी गाडी करून त्या मेळाव्याला गेल्या होत्या.

पहिल्या टप्प्यात एक गोष्ट नीट सांगितली गेली नाही, आणि तिनं फार गैरसमज झाले. कनेक्शन फुकट होतं, पण शेगडी आणि पहिला सिलिंडर ज्यांनी उधारीवर घेतला त्यांच्या अनुदानातून ती उधारी वळती होत होती. बाई बँकेत जायची, पासबुक भरून घ्यायची, अनुदान जमा नाही. तिला वाटायचं एजन्सीनं खाल्लं, कधी नवऱ्यावर संशय. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिला सिलिंडरही मोफत झाला, तेव्हा हा घोळ मिटला.

आणि मग २०२४ साल. राज्य सरकारनं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. अट एकच बोचणारी : गॅस बाईच्या नावावर हवा. तेव्हा कितीतरी जणींना पहिल्यांदा कळलं की ज्या शेगडीपुढं आपण वीस वर्षं उभ्या आहोत ती आपल्या नावावर नाही. नाव बदलायला एजन्सीपुढं रांगा लागल्या. एका गावात तर नवरे बायकांना घाई करत होते, हे दृश्य मी प्रथमच पाहिलं.

गॅस आला, म्हणून चूल गेली का? नाही गेली. तुमच्या-माझ्या घरात बघा. चहा, वरण-भात, मुलांचा डबा गॅसवर. भाकरी निम्म्या घरांत चुलीवर. आंघोळीचं पाणी तर चुलीवर किंवा बंबावरच. कुणाकुणाकडे सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, वर विणलेला रुमाल, पाहुणे आले की पेटतो. का? सिलिंडर महाग, मध्यंतरी हजाराच्याही वर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उज्ज्वलाच्या बाईचं अनुदान सिलिंडरमागं ३०० रुपये झालं, पण पैसे आधी पुरे मोजायचे आणि अनुदान मागून खात्यात. रोजावर जाणाऱ्या बाईकडे एकदम एवढे पैसे नसतात. सरपणाला पैसे पडत नाहीत, पडते ती तिची पाठ. घरातले म्हणतात, 'लाकडं आहेत की फुकट'. ती फुकट असतात कारण आणणारीची मजुरी कुणी धरत नाही.

म्हणून मी एक गोष्ट आग्रहानं सांगते, सगळ्याच सहयोगिनींना ती पटते असं नाही. गटातून सिलिंडरसाठी अंतर्गत कर्ज द्यावं. काही गटांचं म्हणणं, कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, शाळेच्या फीला, गॅस हा तर खर्च आहे. माझं म्हणणं, वाचलेले दोन तास आणि वाचलेली छाती हीसुद्धा मिळकतच आहे. सिलिंडरचे पैसे, तीन हप्ते, अनुदान आलं की काही भाग तिथंच फिटतो. नाहीच जमलं तर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो का ते एजन्सीत विचारावं, एका वेळी कमी पैसे लागतात.

आता तुमचा पहिला प्रश्न, शेगडी कोणती. दुकानात जाताना आपला तवा आणि रोजचं मोठं पातेलं पिशवीत घालून न्या. लाजू नका. शेगडीवर ठेवून बघा, तवा डुगडुगतो का, दोन्ही बर्नरवर दोन मोठी भांडी एकदम बसतात का, की एकमेकांना ढकलतात. तीन बर्नरची शेगडी दिसायला छान, पण लहान ओट्यावर तिसऱ्या बर्नरवर कधीच काही बसत नाही. आयएसआयचा शिक्का बघूनच घ्या. काच चमकते, पण जड पातेलं आपटणाऱ्या घरात स्टीलची बरी. बर्नर पितळी आहे का, सुटा निघून धुता येतो का, ते बघा. ज्योत निळी हवी. पिवळी येत असेल आणि भांडं काळं होत असेल तर गॅस वाया जातोय.

शेगडी ओट्यावर आणि सिलिंडर खाली, उभाच. चुलीच्या सवयीनं शेगडी जमिनीवर मांडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीशी साचतो. नळी आयएसआय शिक्क्याची, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांत बदलायची. त्याच खोलीत शेजारी चूल पेटवायची नाही. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यापुढचे आकडे सालाचे. ती मुदत उलटून गेली असेल तर तो सिलिंडर परत पाठवा, बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन. रात्री-अपरात्री लागतो.

आणि ज्या दिरापासून वेगळ्या झाल्या आहेत त्यांच्यासाठी. तुमची चूल वेगळी झाली, पण कागदावर अजून एकच आहे. एकाच रेशनकार्डावर आधीचं कनेक्शन दिसतं, म्हणून उज्ज्वलाचा अर्ज फिरून येतो. आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्या. मग ते कार्ड, आधार आणि आपल्या स्वतःच्या नावाचं पासबुक घेऊन एजन्सीत जा. पुढच्या बैठकीला हे तिन्ही कागद पिशवीत घालून आणा. ज्यांचा अर्ज भरायचा राहिलाय त्यांचा तिथंच बसून भरू.